बारा गावचं पाणी

व्हिसा संपायला सत्तर दिवस.
वासंतीनं पाण्याच्या बिलाच्या पाठीवर
गावांची नावं लिहिली, एकाखाली एक,
वाण्याच्या यादीसारखी,
आणि बिल फ्रिजवर लावलं, चुंबकाखाली.
चुंबक सलालाचा. नारळाच्या झाडाचा.

एकतीस वर्षं मी समुद्रातलं मीठ काढतोय.
मस्कतच्या कितीतरी नळांत
माझ्या हाताखालून गेलेलं पाणी.
मीठ सगळं निघालं की पाणी बेचव होतं,
नुसतं बेचव नाही, पाईप खाणारं.
मग त्यात चुनखडी घालतात, मापानं,
जिभेला पाणी वाटेल इतकी.
हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.
पान खाणारे तेवढे हसतात.

यादीत पहिलं वाकड.
सातवा मजला, हप्ते फिटलेले, कुलूप नवंकोरं.
मे महिन्यात गेलो तेव्हा खिशातलं मीटर बुडवलं.
टँकरचं पाणी. अकराशे चाळीस.
दुसरं राजापूरकडचं घर, मागे विहीर.
अठ्ठेचाळीस. दोनदा मोजलं.
"विहीर तुझीच रे," सदानंद म्हणाला,
चुलतभाऊ माझा,
पंपाच्या चावीवरचा हात न काढता.
तिसरं कॅलगरी. ऋजुतानं फोनवरून तळघर दाखवलं:
हीटर आहे, खिडकी आहे,
खिडकीत बर्फ आहे.
सगळ्यांत खाली पेन्सिलीनं, तिबिलिसी.
ऑफिसातले दोघं तिथं घर घेतायत.
वासंतीनं ते का लिहिलं, मी विचारलं नाही.

मुकादम खेडला परतला, दोन वर्षं झाली.
बंगला बांधला, गच्चीवर सोलर.
दर शुक्रवारी फोन:
काय रे, मत्र्याला सुरमई काय भावानं?
खेडच्या बाजारात उभा राहून विचारतो,
मागे कोळणीचा आवाज मला इथं ऐकू येतो.
आपण बारा गावचं पाणी प्यालेली माणसं, म्हणतो,
आणि तेरावं कुठलं ते सांगत नाही.

काल रात्री जेवणं झाल्यावर
वासंतीनं टेबलावर तीन पेले मांडले.
मे महिन्यातच तिनं दोन बाटल्या भरून आणल्या होत्या,
साड्यांत गुंडाळून, मला पत्ता न लागू देता.
लोणच्याच्या बरणीमागे होत्या इतके दिवस.
"डोळे मीट," म्हणाली. "विहिरीचं कुठलं ते सांग."
मी पहिला घोट घेतला, थुंकलो: वाकड.
दुसरा घेतला. जरा फिकट. म्हटलं, हे आपलंच, इथलं.
तिसरा तोंडात धरून ठेवला.
जांभा, शेवाळ, आईच्या कळशीचा काठ,
काय काय आठवलं त्या घोटात.
गळा भरून आला. "हे," म्हटलं, "हे विहिरीचं."

वासंती इतकी हसली की खुर्चीला धरून उभी राहिली.
तिसरा पेला तिनं स्वयंपाकघरातल्या नळाखाली भरला होता.

मग पेले विसळता विसळता,
पाठमोरीच, बोलली:
"वाकड. लिफ्ट आहे. दवाखाना समोर आहे.
चावी मागायला मी सदानंदाकडे जाणार नाही,
आणि तळघरात राहायला मी बटाटा नाही."
"आणि तिबिलिसी?"
"ते नुसतं लिहून बघितलं. बरं दिसलं."
"पण पाणी? अकराशे चाळीस?"
"फिल्टर लाव. तेवढं तर येतं तुला."

आज शेवटची रात्रपाळी.
खल्फानला सगळं दाखवलं: व्हॉल्व्ह, नोंदवही,
रुसून बसणारा तीन नंबरचा पंप.
नमुन्याच्या नळापाशी त्याला सांगितलं,
नुसत्या मीटरवर विसंबू नकोस,
दर तासाला एक घोट घेत जा.
त्यानं घेतला. ओठ पुसले.
मला तर सगळं सारखंच लागतं, म्हणाला.

मलाही, मी म्हणालो,
आणि नोंदवहीत वेळ लिहिली.